विहीणबाईंचं गाऱ्हाणं

आमच्या विहीणबाईंनी आयुष्यात कुणाची परवानगी मागितली नाही. डॉक्टरची नाही, जावयाची नाही, देवाचीसुद्धा नाही. "इचारूचा नाय, सांगूचा," हे त्यांचं मालवणी धोरण. मी नेमकी उलट. साडी कुठली नेसू इथपासून सगळं विचारणारी. मुलाच्या लग्नात वरमाय म्हणून रुसायचं ठरवलं, तर आधी मोठ्या नणंदेला विचारून आले, "इथे रुसलेलं चालेल ना?" मग कोपऱ्यातली खुर्ची पकडून गाल फुगवून बसले. विहीणबाई ताट घेऊन हजर. "रुसा हो, पन जेवान रुसा. उपाशी रुसला की चक्कर येता." मी मुकाट्याने जेवले. नंतर कशावरून रुसले होते, तेच आठवेना.

नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा त्या नाहूरला आल्या. घरी डबे करून एकुलत्या एका मुलीला, म्हणजे माझ्या सुनेला, इंजिनिअर केलं. तेव्हाही त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. दारावर पाटी लावली आणि नारळ फोडून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे कोकणातलं देवाशी मोठ्याने बोलणं. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बाकीचे लोक गाऱ्हाण्यात मागतात. विहीणबाई देवाला आपला कार्यक्रम कळवत.

माझा मंदार आणि सून तेजश्री यांनी एका रविवारी आमच्या मुलुंडच्या घरी जाहीर केलं, की वर्षभर जग फिरायचं, मुलांना घेऊन. दोघांचं काम कंप्युटरवरचं, कुठूनही होणारं. पण रेवा सहावीत, ईशान तिसरीत! मी लगेच माझ्या कामाला लागले, म्हणजे विचारायच्या. यांना विचारलं, भिशीतल्या बायकांना विचारलं, खालच्या वाण्यालाही विचारलं. सगळ्यांचं एकच, मुलांचं वर्ष वाया जाणार. एवढं बहुमत घेऊन मी नाहूर गाठलं.

"विहीणबाई, तुम्ही तरी समजवा पोरांना."

"मी काय समजावू? मी पन जातंय."

"जावयाबरोबर? मुलीची आई? अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणूंदेत. लोकांका पन काम होया."

शाळेत मीही गेले होते, मध्यस्थी करायला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जागा राखून ठेवता येणार नाही. अर्ज करा, बघू." मी पेन शोधायला लागले. विहीणबाई उठून उभ्या. "अर्ज कित्याक? आमी जातों, इतक्याच सांगूक इलों. परत येतलों तेव्हा बगू. शाळा खंय पळान जातली?" मी टेबलाखालून त्यांचा पदर ओढत होते. त्यांनी तो माझ्या हातातून सोडवून घेतला आणि नीट खोचला.

मग फोनवर त्यांचं जग दिसायला लागलं. प्रत्येक जागेला राखणदार, म्हणजे ती सांभाळणारा देव, असतो, या त्यांच्या समजुतीला देशांच्या सीमा नव्हत्या. नव्या घरात शिरलं की आधी राखणदाराला गाऱ्हाणं, मग चहा. व्हिएतनामला नारळ सहज मिळाला. जॉर्जियातल्या डोंगरगावात मिळेना, तर त्यांनी उंबऱ्यावर सफरचंद ठेवलं. "बा राखणदारा म्हाराजा, ही पोरां हंय दोन म्हयने रवतली. धावतली, भिंतीर बॉल मारतली. सांगून ठेवतंय, मागीर रागावा नको." मागे नातवंडं ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि त्यांच्याही मागून घरमालकीणबाईचा जाडा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" तिला बिचारीला वाटलं असणार, ही भारतीयांची नमस्काराची पद्धत.

पोर्तुगालला पोचल्यावर त्यांचा मला फोन. "विहीनबाईनू, तुमी पन येवा. येताना एक नारळ हाडा."

"यांना विचारून सांगते."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आयुष्यभर इचारलात. कोणी कधी 'जा' म्हटला?"

आठवून पाहिलं. कुणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री मी यांना सांगितलं. हे वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "बरं." एवढ्या एका 'बरं'साठी मी इतकी वर्षं घाबरत होते! नारळ मात्र विमानतळावर तपासणीच्या मुलीने पर्समधून काढला. "आजी, ये नहीं चलेगा." मी सवयीने विचारलं, "मग इथेच फोडू का?" मागची सगळी रांग हसली. मी तिकडे पोचल्यावर विहीणबाईंनी तिथल्या राखणदाराला तेही कळवलं, की नारळ तपासणीवाल्यांनी ठेवन घेतल्यानी, पण विहीन एकटी इली, तिकाच नारळ समज.

परत आल्यावर शाळेने रेवाला पुन्हा सहावीतच बसवलं. म्हणजे बायकांचं खरं ठरलं. लिफ्टमध्ये एकीने ऐकवलंच, "शेवटी वर्ष गेलंच ना?" मी खाली मान घालणार, तेवढ्यात विहीणबाई बोलल्या, "गेला. आनी शाळेत बसली त्यांचा वर्ष खंय रवला? डब्यात भरून ठेवलंत काय?" लिफ्ट आमच्या मजल्याच्या खूप आधी थांबली आणि ती बाई तिथेच उतरली.

गेल्या वर्षी त्या गेल्या. दुपारी जेवून झोपल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांनी सगळं सांगून केलं, एवढं एकच न सांगता. त्याबद्दल मात्र मी खरोखर रुसले आहे, कुणालाही न विचारता.

आता रेवा आठवीत आहे आणि आम्ही पुन्हा निघालो आहोत. यावेळी पहिल्या दिवसापासून मीही. आज सकाळी मुलुंडच्या दारात नारळ ठेवला आणि माझ्या मोडक्यातोडक्या मालवणीत सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आमी परत जातों. पोरांचा अजून एक वर्ष जातला. आनी विहीनबाई थंय पोचली आसतली, तिका सांग, म्हातारी निघाली."

"व्हय म्हाराजा!" पोरांनी जिना दणाणून सोडला. समोरचं दार उघडून शेजारीणबाई डोकावल्या. "अहो आजी, या वयात? मुलांची शाळा? कुणाला विचारलंत तरी का?"

मी नारळ उचलला आणि त्यांच्याच उंबऱ्यावर फोडला.