वळणावरचा पट्टा

सिंदेवाहीच्या एसटीत एक म्हातारे मौलाना रोज माझ्या शेजारी बसायचे. मांडीवर पुस्तक, आणि पान उलटताना बोट ओलं करायची सवय. गावोगावी बयान, म्हणजे धार्मिक प्रवचन, द्यायला जायचे. जंगलातल्या दर्ग्याचं वळण आलं की अख्खी बस हात जोडायची. हे मात्र वाकून चपलेचा पट्टा आवळत बसायचे.

एकदा मी हसत विचारलं, "मौलाना, तुमचा पट्टा रोज इथीच काऊन ढिला होते?"

त्यांनी वाचत असलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"शाळा नाई पाह्यली मी. शिंप्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरून उर्दू शिकलो. धानाची राखण करता करता मचाणीवर बसून किताब वाचाले लागलो. अन् पह्यल्याच बयानात गरजलो, दर्ग्यावर नारळ फोडनारे जाहिल, अडानी आहेत म्हनून. लोक वाहवा करून राह्यले होते. बायांच्या पडद्यामांगं माही माय बसली होती."

"मग?"

"घरी येऊन येवढंच म्हनाली, 'तू तापानं फनफनत होता, तवा मीच फोडला होता तिथी नारळ.' मरेपर्यंत मंग दर्ग्यावर गेली नाई." त्यांनी पुस्तक मिटलं. "मायबापाशी कसं बोलावं, थे किताबीच्या पुढच्या अर्ध्यात होतं, भाऊ. मी तिथवर पोचलोच नव्हतो."

आपण विचारायला नको होतं, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायात रबरी स्लिपर होती. आवळायला पट्टाच नव्हता. वळण आलं, तरी ते वाकले, आणि दर्गा मागे पडेपर्यंत तसेच राहिले.