पिक्चर छान लागली
तेलात हळद गरम झाल्याचा वास आला की मी थेट उज्जैनला, माधव नगरच्या आमच्या जुन्या घरी जाऊन पोचते. मी लहान असताना एकदा पुण्याहून काका-काकू महाकालच्या दर्शनाला आले होते आणि दुपारचा शो बघून आम्ही सगळे नुकते घरी परतलो होतो. कचोऱ्या खाताखाता जो तो मत देत होता. काका म्हणाले, मध्यंतरानंतर सिनेमा ढेपाळला. काकूला नायिका ठोकळा वाटली. आई त्यांच्यासमोर एरवी गप्प असायची, पण त्या दिवशी तिला राहवलं नाही. "मला तर पिक्चर खूप छान लागली," ती म्हणाली, "शेवटी तर मी किती रडली!" उज्जैनच्या आमच्या मराठीत पिक्चर हिंदीसारखी बाईच असते आणि ती आवडत नाही, लागते. मराठी आपल्या मालकीची समजणारी काकू म्हणाली, "अगंबाई, लागली? कुठे लागली? हळद आणा गं कुणीतरी!" तिची कॉलेजातली मुलगी खरंच स्वयंपाकघरातून तेलात गरम केलेली हळद घेऊन आली आणि तिनं ती आईच्या कोपराला फासली. सिनेमासाठी मुद्दाम नेसलेली भैरवगढच्या छाप्याची साडी पिवळी झाली. सगळे पोट धरून हसले, बाबाही, आणि सगळ्यांत मोठ्यानं आई. इतक्या वर्षांनी काल मी आईला सिनेमाला नेलं. बाहेर पडताना मी मुद्दाम आमच्याच भाषेत विचारलं, "कशी लागली गं पिक्चर?" तिनं आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग एकेक शब्द जपत म्हणाली, "बरा होता." मला लागलं.