मावशीने न उघडलेलं दार

आमची मावशी कुलपं उघडायची. हा धंदा मुळात काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. ते गेल्यावर तिने त्यांची हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. पुढे त्यांच्याच चाव्या हरवायला लागल्या आणि मग गपगुमान तिलाच फोन येऊ लागले.

तिचा एक नियम होता. ज्याचं घर तो समोर हवा आणि शेजारचं कुणीतरी साक्षीला हवं, त्याशिवाय ती कुलपाला हात लावत नसे. मामा, म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, एकदा अंघोळीला जाता जाता पेपर उचलायला बाहेर आला आणि मागे दार लागलं. टॉवेलवर उभा बिचारा. मावशी आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "शेजाऱ्यांना बोलव." मामाने हातापाया पडून पाहिलं. शेवटी समोरच्या आजी आल्या, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हो, हा इथलाच." मग दार उघडलं. मामाने बरेच दिवस तिच्याशी अबोला धरला. तिला त्याचं काही वाटलं नाही.

मग सरकारने नवा कायदा आणला. नुसता संशय आला तरी पोलिसांनी कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणाच्याही घरात शिरावं, आणि जो मदत नाकारेल त्याला आत टाकावं. यामुळे गुन्हे कमी होणार होते म्हणे. आम्ही पेपरात वाचलं आणि पान उलटलं. आपण कुठे चोऱ्या करतोय, असं म्हणणाऱ्यांत मामा सगळ्यात पुढे.

एका दुपारी एक इन्स्पेक्टर मावशीला जीपमधून घेऊन गेला. एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तरुण ग्रंथपाल मुलगी भाड्याने राहायची. या कायद्याविरुद्ध तिने सभांतून भाषणं केली होती. ती कामावर गेलेली, दाराला कुलूप.

"आवाज न करता उघडा," इन्स्पेक्टर म्हणाला.

"राहणारी कुठाय?"

"तिला कळायला नकोय. म्हणून तर तुम्हाला आणलं."

"कोर्टाचा हुकूम?"

"आता लागत नाही."

"मग मीही लागत नाही," मावशी म्हणाली. "फोडा दार." आणि सवयीने शेजारच्या घराची कडी वाजवली. "जरा साक्षीला येता का?"

बघता बघता जिना माणसांनी भरला. इन्स्पेक्टरचा तिळपापड झाला. चोरपावलांनी करायचं काम चव्हाट्यावर आलं होतं. त्याने दार सोडलं आणि मावशीलाच धरलं. मदत नाकारली हा एक गुन्हा. पिशवीत घरफोडीची हत्यारं सापडली हा दुसरा. आता कुलूपवालीच्या पिशवीत काय लाटणं सापडणार? आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

शिक्षा झाली असती तर तुरुंग ठरलेलाच होता, आणि धंदा कायमचा बुडाला असता. मामा धावत पोलीस ठाण्यात गेला. "ताई, माफी मागून टाक. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"आज माफी मागितली तर उद्या हाच इन्स्पेक्टर मला दुसऱ्या दाराशी उभी करेल," ती म्हणाली. "तेव्हा कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

मामा बाहेर आला. पण घरी गेला नाही. ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून राहिला, आणि त्यानेच एक वकीलबाई शोधून काढल्या.

कोर्टात त्या जिन्यावरची सगळी मंडळी हजर होती. वकीलबाईंनी इन्स्पेक्टरला विचारलं, "कायद्याने मुभा होती, तर दार फोडून का नाही शिरलात?"

"शेजाऱ्यांना कळलं असतं."

"कळलं असतं तर काय बिघडलं असतं?"

तो वकीलबाईंकडे बघेना. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सांगा, मलाही ऐकायचंय." तो टोपी हातात फिरवत राहिला.

घरात शिरायला संशयाचं कारणच दिलं नाही तर मदत नाकारणं हा गुन्हा नाही, आणि हत्यारं तर धंद्याचीच, असं म्हणत न्यायाधीशांनी मावशीला सोडलं. पिशवी परत मिळाली. त्या कायद्याचं ते कलम वकीलबाईंनी वरच्या कोर्टात नेलं आणि पिच्छा सोडला नाही. शेवटी निकाल आला. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, कलम रद्द. आम्ही घरात अक्षरशः नाचलो. मामा मावशीला उचलून घ्यायला गेला आणि कंबर धरून बसला. मी एवढी खूश आयुष्यात कधी झाले नव्हते, आणि तिचा अभिमान वाटून मला रडू आवरेना.

त्या संध्याकाळी ती ग्रंथपाल मुलगी भेटायला आली. पेढ्यांचा पुडा मावशीच्या हातात ठेवला. मग म्हणाली, "मावशी, खरं सांगू? तुम्ही माझ्यासाठी एवढं सोसलंत, पण माझ्या घरात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पुस्तकं आणि न धुतलेले कपडे."

"नसेना का," मावशी म्हणाली. "घर तुझं आहे ना, पोरी?"