कोंडूच्या दातांची खूण

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून कामाला लागणाऱ्यांतली मी. माझं माहेर घाटावर, जुन्नरकडे. आमचे वडील म्हणायचे, जिच्या अंगात येतं तिला दोन दिवस माहेरी धाडा, आपोआप उतरेल. तेच डोक्यात घेऊन मी संसाराला लागले. शाळा मराठी तिसरीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. संपादकांनी त्या दुरुस्त कराव्या, मजकूर मात्र बदलू नये... तो जसा घडला तसाच लिहिते आहे.

हे रेवदंड्याला जकातनाक्यावर कारकून. कोळीवाड्याला लागून आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तिथे माझं ओळखीचं असं कुणी नव्हतं. होती ती शेजारची चांगू कोळीण. माझी पहिली दोन मुलं हाताला लागली नाहीत. तिसरा झाला तेव्हा चांगूच म्हणाली, "याला माझ्या पदरात टाक गो बाय. तुझा म्हनून नको ठेवूस." बारशाला मी त्याला सुपात घालून तिच्या मांडीवर दिला आणि मूठभर कोंडा देऊन परत मागून घेतला. म्हणून त्याचं नाव कोंडू. तो मला आई म्हणायचा आणि तिला बय. हे मी मुलाच्या जिवासाठी केलं, विश्वास म्हणून नव्हे — निदान तेव्हा मी मनाची अशीच समजूत घातली होती.

कोंडू चार वर्षांचा झाला आणि त्याच्या घशात गळू झालं. पाणी गिळेना, मान एकीकडे धरून घुरघुरायला लागला. टांगा करून आम्ही त्याला अलिबागेला नेलं. निघताना तो विचारत होता, कुठे जायचं? मी म्हटलं, "पाण्यातला किल्ला दाखवायला." एवढ्या आजारातही पोर हसलं. पुढच्या तुटक्या दाताची फट दिसली. विहिरीच्या पायरीवर पडला तेव्हाचा तो दात. टांग्यापर्यंत चांगू आली होती. "मी येतंय संगती," म्हणाली. मीच नको म्हटलं. डॉक्टरांच्या दारात मासळीचा वास नको, असं मनात आलं होतं. तोंडाने मात्र म्हटलं, "तुझा धंदा बुडेल."

पोचलो तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टरांनी घशात बघितलं आणि म्हणाले, आत्ताच कापायला हवं. क्लोरोफॉर्म देता येणार नाही, श्वासाची वाट आधीच अरुंद झाली आहे. कंपाउंडरने कोंडूला चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि पाय गुडघ्यांत धरले. ह्यांना रक्त बघवत नाही, ते बाहेर ओट्यावर. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, मागे उभ्या राहा आणि डोकं दोन्ही हातांनी धरा. तिळभर हललं तर चाकू भलतीकडे जाईल. जमेल ना?"

मी म्हटलं, जमेल.

जबडा उघडा ठेवायला दातांत लोखंडी साधन घातलं. तोवर कोंडू ओरडत होता, आता नुसता घशातून आवाज येऊ लागला. आणि मग... त्याने डोळे वर फिरवून माझ्याकडे बघितलं. उलटं. मी त्याच्या मागे होते ना. त्या नजरेत भीती नव्हती हो. तू? किल्ला दाखवणार होतीस ना? — एवढंच होतं.

माझे हात सुटले.

त्याच्या पुढचं मला आठवतं ते भिंतीसमोरचं. मी खोलीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही तळवे भिंतीवर दाबून उभी होते. पाठीमागे डॉक्टर ओरडले, "साधन निसटलं! धरा, धरा — शाब्बास!" मग काहीतरी खळकन भांड्यात पडल्याचा आवाज, आणि कोंडूचा मोकळा श्वास. तो श्वास ऐकून मी वळले.

डॉक्टर घाम पुसत माझ्याजवळ आले. खांद्यावर थोपटलं. "हात दाखवा बघू. आयोडीन लावतो. ऐन वेळी दातांत बोटं घातलीत म्हणून निभावलं, नाहीतर माझाच हात सापडला असता." कंपाउंडरही म्हणाला, "बाईंनी डोकं दगडासारखं धरलं होतं."

मी हात पुढे केले. एक ओरखडा नव्हता. दोन्ही तळवे भिंतीच्या चुन्याने पांढरे झालेले.

डॉक्टरांनी माझे हात उलटसुलट करून बघितले. "कमाल आहे," एवढंच म्हणाले आणि आयोडीनची बाटली परत ठेवली. ह्यांना आत बोलावून डॉक्टरांनी माझी तारीफ केली, तेव्हा मी तळव्यांचा चुना पदराला पुसत होते.

दोन दिवसांनी कोंडूला आवाज फुटला. पहिलं वाक्य, "बय कुठे गेली?"

"बय घरी आहे, बाळा."

"नाही. बयने धरलं मला. तू नव्हतीस."

परत येताना किनाऱ्यावर टांगा थांबवून किल्ला दाखवला. त्याने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं, बघितलाच नाही.

घरी पोचलो तेव्हा चांगू अंगणात बोंबील वाळत घालत होती. उजव्या हाताला हळद आणि चिंधी. कोंडू सरळ तिच्या कमरेला जाऊन बिलगला. मी विचारलं, काय झालं हाताला?

"काय म्हायती गो. तुमी गेलाव त्याच दुपारी, मासली निवडताना कचकन लागलां. काट्यांची शेवंड असंल टोपलीत."

तिची सून मागून म्हणाली, "शेवंडीला दात कवापासून फुटले, आत्याबाय?"

"तुझी जीभ लागली असंल मग!" चांगू म्हणाली आणि दोघी हसल्या.

मी चिंधी सोडली. बोटांच्या मुळाशी बारीक दातांची कमान, आणि समोर एका दाताची जागा मोकळी.

कोंडू त्यावर फुंकर घालायला लागला. "बय, मी चावलो ना तुला?"

"चाव रे बाबा. तुझाच हात हाय."

तो आत गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. भिंत, चुना, शाबासकी, आणि तिला संगती का नेलं नाही तेही. ह्यांनाही जे सांगितलं नव्हतं ते. म्हटलं, "चांगू, माझे हात सुटले गो. आई असून." तिने दोन बोंबील सारखे केले. मग म्हणाली, "अगो, म्हनून तर दोन आया केल्या त्याला."

लोक म्हणतील शेवंड चावली, लोक म्हणतील भीतीने माझ्या डोक्यात गोंधळ झाला. असेलही. मी पुष्कळ विचार केला, काही उलगडत नाही. हे अजून आल्यागेल्याला माझ्या धीराची गोष्ट सांगतात आणि मी चहा करायला आत जाते. कोंडू आता शाळेत जातो. तो तुटका दुधाचा दात पडला, जागी चांगला अख्खा दात आला. चांगूच्या हातावरच्या खुणेतली फट तेवढी भरलेली नाही.