गुरुमामा टायर दाबायचे

गुरुलिंगमामांकडे स्वतःची सायकलसुद्धा नव्हती. पण सोलापूरच्या अक्कलकोट नाक्यावरून त्यांच्या शब्दाशिवाय गाडी हलत नसे. सकाळी सोलापुरात पेशंट नाहीतर पाहुणे सोडून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या, आणि एसटीची वाट बघून वैतागलेली मैंदर्गीकडची माणसं, यांची गाठ घालून देणं हा मामांचा धंदा. धंदा आपला म्हणायला. चहापाणी सुटायचं, आणि लिंबाखालच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला मान मिळायचा. खुर्चीचा एक पाय मोडका होता, त्याच्याखाली वीट होती.

मामा सीट भरत नसत, सोयरीक जुळवत. बाई एकटी आली की विचारायचे, "कुणाकडं चाललाय अक्का?"

"बसलिंगप्पा किराणावाल्याकडं. चुलतदीर हायत."

"मग झालं की. ह्यो सोमलिंग त्यांच्या थोरल्या सुनेच्या माहेरचा. म्हंजे तुमचा भाचाच. बस रे, मावशीला नीट ने."

एकदा मावशी शेजारी बसली की सोमलिंग गाणी बारीक करायचा, ट्रकच्या पुढं गाडी काढायचा नाही, आणि मावशीही भाड्यावरून हुज्जत घालायची नाही. नातं खरंच असायचं असं नाही. सापडलं नाही तर मामा जागेवर तयार करून द्यायचे. अशा नाक्यावरच्या नात्यानं एकमेकांच्या लग्नात आहेर केलेली माणसं मैंदर्गीत आजही सापडतील.

ह्या गोतावळ्यात भिमा नावाचा ड्रायव्हर होता. स्वभावानं गाय. सुपारीचंही व्यसन नाही. खोट एकच. दुपारची भाकरी पोटात गेली की स्टिअरिंगवर त्याचे डोळे मिटायचे. मामांनी एकदा शेजारी बसून हे बघितलं होतं आणि मैंदर्गी येईपर्यंत सगळे देव आठवले होते. पण तोंडावर बोलायचा मामांचा पिंड नव्हता. भिमा दुपारचा निघाला की ते उठायचे, मागचं चाक अंगठ्यानं दाबायचे आणि म्हणायचे, "भिमा, हवा कमी वाटतीया रे. थांब जरा, चहा घे." चहा व्हायचा, मग कुणाच्या तरी म्हशीचा विषय निघायचा. ऊन कललं की टायर आपोआप बरा व्हायचा. ना भिमाला काही कळायचं, ना पॅसेंजरला.

मामांचा भाचा नंदीश पुण्यात कॉम्प्युटर शिकला आणि सगळ्यांना आश्चर्यात पाडून परत आला. बरेच दिवस तो मामांच्या शेजारी लिंबाखाली बसला, त्यांचे प्रश्न त्यानं टिपून घेतले, आणि 'सोबत' नावाचं ॲप बनवलं. कुणाचं गाव कुठलं, कोण कुणाच्या ओळखीचं, सगळं त्यात दिसायचं. पोरगं गुणी. ड्रायव्हरांना पाचपैकी पहिले तारे मामांनीच द्यायचे, असा त्याचा हट्ट होता.

"मामा, खरं सांगा. लोक ह्याच्या भरवशावर बसणार हायत."

"सगळी आपलीच पोरं हायत की."

भिमाचा फोटो आला तेव्हा मात्र मामा थांबले. "एखादा तारा काढला तर त्याला दिसंल का?"

"सगळ्यांनाच दिसंल."

"मग दे पाच."

पोराबाळांच्या माणसाच्या नावापुढं उणं लिहायचं, म्हणजे लग्नपत्रिकेत नवरदेवाची मूळव्याध छापण्यासारखं. लोकांनीही तेच केलं. ज्याला दारात पाणी दिलं, गूळ दिला, त्याचा तारा कसा कापायचा? नंदीशला वाटलं, आपला तालुका देवमाणसांनीच भरलाय.

गाड्या आता थेट दारात जाऊ लागल्या. नाका ओस पडला, मामा दुपारचे घरी पंख्याखाली पडू लागले. तिथंच एका दुपारी दानेश्वरीचा फोन आला. ही मैंदर्गीच्या अंगणवाडीची ताई. ॲप असलं तरी मामांना विचारल्याशिवाय कुठल्या गाडीत पाय ठेवायची नाही.

"मामा, भिमाची गाडी दाखवतंय. बसू का?"

मामांनी घड्याळाकडं बघितलं. भिमाचं जेवण झालं असणार. नको म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. नाक्यावर असते तर उठून टायर दाबला असता. फोनवरून टायर दाबता येत नाही.

"बस की," मामा म्हणाले. "आपलाच हाय."

वळसंगच्या पुढं गाडी रस्ता सोडून चरात गेली. भिमाला खरचटलं. दानेश्वरीच्या गुडघ्याचा चुरा झाला. कुत्रं आडवं आलं, असं भिमानं सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. आपल्याकडं कुत्र्याला फार जणांचं पाप वाहावं लागतं.

मामा दवाखान्यात गेले. दानेश्वरीनं त्यांचाच हात धरला. "तुमी बघून दिलेला माणूस म्हणून वाचले मामा. दुसरा टाकून पळाला असता. ह्यानं उचलून आणलं. मी पाच तारे दिले त्याला." मग ती पायाकडं बघत राहिली. "गुडघा वाकणार न्हाय म्हणत्यात. पोरांत खाली बसता यायचं न्हाय आता."

मामांनी नेलेली मोसंबी पिशवीतच राहिली. दवाखान्यातून ते सरळ नंदीशकडं गेले आणि सगळं सांगितलं. डोळे, टायर, फोन. नंदीश ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मामा, मी विचारलं व्हतं."

त्यानं ॲपवर भिमाची फक्त दुपार बंद केली. पण गावानं ते वाचलं ते आपल्या परीनं. दुपारचं बंद म्हणजे पीत असणार. सकाळचे पॅसेंजरही गेले. ज्यानं आयुष्यात सुपारी खाल्ली नाही, तो गावाला दारुडा झाला.

मामांनी खुर्ची परत लिंबाखाली नेऊन ठेवली. काम काही नव्हतं. घरी फोनची भीती वाटायची. एका दुपारी भिमा आला, गाडी सावलीला लावून खाली बसला. मामा शिव्यांची वाट बघत राहिले.

"लोक म्हणत्यात, पितो," भिमा म्हणाला.

"मी सांगतो त्यास्नी."

"सांगा." त्यानं खालची एक काडी उचलून मोडली. "मामा, नंदीश सांगत व्हता. त्यो टायर बरा व्हता व्हय?"

"व्हय."

"किती डाव पंक्चरवाल्याकडं नेला मी. त्यो म्हणायचा, कायबी झालं न्हाय. त्यालाच शिव्या घातल्या. म्हणलं, गुरुमामा खोटं बोलतील का?" मग हळूच म्हणाला, "मला सांगायचं तरी की ओ. सकाळच्याच फेऱ्या मारल्या असत्या मी."

सवयीनं मामांनी समोरच्या टपरीवर हात करून दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत भिमाची मान खोडाला टेकली होती, डोळे मिटले होते.

मामांनी त्याला उठवलं नाही. त्याला आता कुठं जायचं नव्हतं.