तीन कोटेशनं आणि ताईंचं रिटर्न

आयुष्यात एकदाही फसला नाही आणि तरीही एकदाही खूश झाला नाही असा माणूस मला एकच माहीत आहे, आणि ते म्हणजे माझे साडू. नाहूरला स्टेशनपासून चालत नऊ मिनिटांवर राहतात. फ्लॅट घेताना बिल्डरने पाच मिनिटं सांगितली होती. यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या चपला घालून तो रस्ता चालून पाहिला आणि सरासरी काढली. मग फ्लॅट घेतला, पण घेतल्यापासून आजपर्यंत त्या जादा चार मिनिटांबद्दल त्यांना वाईट वाटतं आहे. मी मुलुंडहून त्यांच्याकडे गेलो की दार उघडताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आलात? नऊ लागली ना?"

चौतीस वर्षं ते विक्रोळीच्या एका कारखान्यात पर्चेस खात्यात होते. त्या खात्याचा नियम असा की तीन दुकानांची कोटेशनं हातात आल्याशिवाय टाचणीसुद्धा विकत घ्यायची नाही. तिन्ही एका कागदावर शेजारी शेजारी मांडायची, त्याला स्टेटमेंट म्हणायचं, आणि खाली दोघांच्या सह्या पाहिजेत, एक करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. कारखाना केव्हाच बंद पडला, तिथे आता चाळीस मजली टॉवर उभे आहेत, पण तो नियम साडूंबरोबर रिटायर होऊन घरी आला. घरात कुकर घ्यायचा होता तेव्हा गणपतीत सुरू झालेलं स्टेटमेंट होळीला पूर्ण झालं. तोवर आमचा जादाचा कुकर नाहूरला मुक्कामाला होता. होळीला कळलं की तिन्हींपैकी एका कंपनीने ते मॉडेल बंद केलंय, त्यामुळे दोनच कोटेशनं उरली आणि फाइल पुन्हा उघडली. आमचा कुकर काही परत आला नाही, आणि मागायची हिंमत मला झाली नाही.

तपासणारा म्हणून सही करायला घरात दुसरा पुरुष नसल्याने ते काम माझ्याकडे आलं. मिक्सर, पंखा, गादी, दातांचा डॉक्टर, सगळ्या स्टेटमेंटांवर खाली उजव्या कोपऱ्यात 'तपासले' लिहून माझी सही आहे. सही रेघेच्या बाहेर गेली तर ते नवा कागद काढत. मी वैतागून एकदा म्हटलं, घरचाच तर कागद आहे, कोण बघणार आहे. ते म्हणाले, "कोणी बघत नाही तेव्हाच वाट लागते."

त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला, आम्ही सगळे ताई म्हणायचो. ताई शाळेत मास्तरीण होत्या आणि नवऱ्याच्या सगळ्या उदासीनतेला पुरून उरेल इतकं हसायच्या. त्यांचा आवडता किस्सा स्वतःच्या लग्नाचा. सांगायच्या की, "यांनी तीन मुली पाहिल्या, स्टेटमेंट केलं, आणि सगळ्यात स्वस्त म्हणून माझी ऑर्डर काढली." पाहुणे हसायचे, ताई सगळ्यांत जास्त हसायच्या. जगातली प्रत्येक चूक जागच्या जागी दुरुस्त करणारे आमचे साडू त्या वेळी मान खाली घालून चिवडा खात बसायचे. त्यामुळे किस्सा खराच असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पण या माणसाची खरी तपश्चर्या पाहायची तर ती इन्कम टॅक्सच्या दिवसांत. रिटर्न ते स्वतःच भरतात. एकदा मुलुंडच्या तीन सीएंची कोटेशनं घेऊन झाली होती, पण तिघांनीही पासवर्ड मागितला. पासवर्ड देणं म्हणजे परक्या माणसाला कपाटातले कपडे घडी करायला देणं, असं त्यांचं मत. मग सॉफ्टवेअर आलं. दर वर्षी एप्रिलमध्ये ते बाजारातली रिटर्न भरायची सगळी सॉफ्टवेअरं गोळा करत आणि त्यांच्यासमोर एक काल्पनिक करदाता उभा करत. त्या बिचाऱ्याला दोन घरं होती, एक भाड्याने दिलेलं, थोडी शेती होती, विकलेले शेअर होते आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्याचं रिटर्न भरून कर किती येतो ते पाहायचं. पुढे पुढे त्या माणसात साडूंचा जीव गुंतला. एका वर्षी फोनवर खोल आवाजात म्हणाले की त्याला यंदा फार बसतोय हो, आणि कोण गेलं की काय या भीतीने मी बायकोला हाक मारली.

बाद करण्याची कारणंही त्यांचीच. एक सॉफ्टवेअर बाद झालं, कारण रिटर्न भरून होताच पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उधळले जायचे, आणि कर भरताना आनंद कसला हे साडूंना समजेना. इन्कम टॅक्स खात्याची स्वतःची फुकट साइट बाद झाली, कारण फुकटात भांडायची सोय नसते. मदतीसाठी चौकटीत बोलणाऱ्या एका यंत्राला त्यांनी 'आदरणीय महोदया' असं सुरू करून दीड पानी अर्ज लिहिला. उत्तरात अंगठ्याचं चित्र आलं, तेही सॉफ्टवेअर बाद झालं. आणखी एक होतं ते उघडल्या उघडल्या 'हाय सुनंदा' म्हणायचं. सुनंदा म्हणजे ताई. "माझ्या बायकोला एकेरीत हाक मारणारा हा कोण?" असं साडू म्हणाले आणि त्याच्यावर स्टेटमेंटमध्ये लाल शाईची काट बसली ती कायमची.

ताईंचं नाव तिथे यायचं कारण असं की काल्पनिक माणसानंतर पहिला खरा प्रयोग ताईंवर व्हायचा. त्यांचं रिटर्न सोपं, पेन्शन आणि बँकेचं व्याज. ताई शेजारी बसून मटार सोलत म्हणायच्या, चुकलं तर मला धरून नेतील, रोज डबा घेऊन या म्हणजे झालं. ओटीपी आला की ताई चष्मा कपाळावर चढवून एकेक आकडा पाढे शिकवल्यासारखा मोठ्याने सांगायच्या, आणि साडू एकेक टाइप करायचे. माझ्या मते त्या घरातला तो वर्षातला सगळ्यात सुखाचा क्षण असावा, पण साडूंनी तसं कधी कबूल केलं नसतं.

गेल्या दिवाळीनंतर ताई गेल्या. ताप म्हणून ॲडमिट केलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. हॉस्पिटलच्या जिन्यात साडू माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "दुसरं कोटेशन घ्यायला वेळच मिळाला नाही हो."

एप्रिल आला, स्टेटमेंट आलं नाही. मे गेला. माणूस गेला तरी त्या वर्षातलं, जाईपर्यंतच्या दिवसांचं त्याचं रिटर्न राहतंच. ते वारसाने भरायचं असतं. मी चाचरत विषय काढला तर साडू म्हणाले, बघतोय, एकही धड नाही. दर रविवारी एकेक सॉफ्टवेअर बाद होत होतं, पण कारण सांगत नव्हते, आणि कारण न सांगणारे साडू मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी एकदा मी शेजारी बसलो तेव्हा कळलं. सगळं व्यवस्थित चालायचं, मग दुसऱ्या का तिसऱ्या पानावर प्रश्न यायचा की करदाता हयात आहे का. तिथे साडू थोडा वेळ थांबायचे, चष्मा पुसायचे आणि ते पान बंद करायचे. कर, रिफंड, दंड, कशाचीच त्यांना पर्वा नव्हती. त्या चौकटीत त्यांना टिचकी मारायची नव्हती, एवढंच होतं.

जुलैतल्या पहिल्या रविवारी त्यांचा स्वतःहून फोन आला. सॉफ्टवेअर मिळालं, सही करायला या, बायकोलाही आणा. आम्ही गेलो. दारात नऊ मिनिटांची चौकशी झाली नाही. टेबलावर लॅपटॉप होता, स्टेटमेंटचा कागद कुठेच नव्हता, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हाय सुनंदा'.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिशातून एक घडी केलेला छापील कागद काढून माझ्या हातात दिला. ताईंच्या पत्त्यावर आलेली मेल होती. सुनंदा, तुम्ही बऱ्याच दिवसांत आला नाहीत, आम्हाला तुमची आठवण येते, तुमचं रिटर्न अजून सुरूच झालेलं नाही. असल्या मेल लाखो लोकांना एकदम जातात हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत असणार. मी कागद परत दिला तो त्यांनी पुन्हा होता तसाच घडी करून ठेवला.

"हे काही विचारत नाही," ते म्हणाले. "सगळं गेल्या वर्षीचं आपोआप आलं. एरर नाही."

रिटर्न भरून तयार होतं, ताई हयात असल्यासारखं. पेन्शनही मध्येच थांबलेली, तरी त्या सॉफ्टवेअरला संशय आला नव्हता. मी काही बोलायच्या आत साडूंनी बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात टिंग असा आवाज झाला. ओट्यावर मिक्सरच्या शेजारी, जिथे तो नेहमी असायचा तिथे, ताईंचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

माझी बायको आत चहा टाकत होती. ती फोन हातात घेऊन बाहेर आली, आणि तिचा चेहरा मला बघवेना.

"भाऊजी, हा तुम्ही मुद्दाम चालू ठेवलाय?"

"वर्षभराचा रिचार्ज होता," साडू म्हणाले. "तीन कंपन्यांत तोच परवडत होता. ओटीपी सांग ना गं."

ती सांगेना. फोन दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली. साडू बोटं कीबोर्डवर ठेवून वाट पाहत होते, आणि मला कळत होतं की त्यांना आकडे नकोच आहेत, कोणीतरी ते मोठ्याने म्हणायला हवं आहे. मग ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली, ताई बसायच्या त्याच.

"भाऊजी, मी पण तिचा नंबर लावते," ती म्हणाली. "दुपारी, तुम्ही झोपता तेव्हा. रिंग जाते ते ऐकते आणि ठेवते. पण हे असं नको. तिच्या नावावर खोटं नको ना. तिने पोरांना आयुष्यभर खोटं लिहू दिलं नाही."

आत चहा उतू गेला, त्याचा वास बाहेर आला, तरी कोणी उठलं नाही. थोड्या वेळाने पडद्यावर ओळ आली की ओटीपीची मुदत संपली, आणि साडूंनी लॅपटॉप मिटला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कपाटातलं पाकीट काढलं. त्यात मृत्यूच्या दाखल्याच्या बारा प्रती होत्या, सगळ्या अटेस्टेड, एकही वापरलेली नाही. वारस म्हणून नोंदणीचा अर्ज गेला, दहा-बारा दिवसांनी मंजूर झाला, आणि त्यांनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी खात्याची फुकट साइट उघडलेली होती. तिथे हाय नव्हतं, रंगीत कागद नव्हते. वर साडूंचं नाव, खाली ताईंचं संपूर्ण नाव, आणि दोन्हींच्या मध्ये 'यांच्या वतीने' अशा अर्थाचा एक शब्द. त्यांनी सावकाश एकेक रकाना भरला. ती चौकटही आली. चष्मा काढला, पुसला, घातला, आणि टिचकी मारली. मृताशी नातं या रकान्यात भली मोठी यादी उघडली, तिच्यातून 'पती' शोधून ते म्हणाले, "बघा, इथे तरी चॉइस नाही."

पावती छापून आली. ती हातात धरून, पावतीकडेच बघत ते बोलू लागले.

"ती सांगायची ना, तीन मुली पाहिल्या म्हणून. मी एकच पाहिली. तिला पाहून आलो आणि उरलेल्या दोन ठिकाणी गेलोच नाही. स्टेटमेंट केलंच नव्हतं."

इतकी वर्षं सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"सांगताना हसायची हो ती. ते कशाला दुरुस्त करायचं?"

मग सवयीने त्यांनी ती पावती माझ्यापुढे सरकवली. मी खाली उजव्या कोपऱ्यात 'तपासले' लिहिलं आणि सही केली. मला नीट दिसत नव्हतं, त्यामुळे सही रेघेच्या बरीच बाहेर गेली. साडूंनी ती पाहिली, आणि पावती तशीच फाइलला लावली.