मामांची अडीच फूट जागा

मोटार ही बसून जाण्यासाठी असते, हे माझ्या अकोल्याच्या मामांना उभ्या जन्मात कुणी पटवून देऊ शकलं नाही. त्यांच्या मते ती खालून बघायची वस्तू होती. जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी जावं, तर अंगणात आधी दोन पाय दिसायचे. उरलेले मामा मोटारीखाली. "आला काय? तो पाना दे," एवढंच स्वागत. एकदा आम्ही सगळे चिखलदऱ्याला निघालो, तर घाटाच्या पायथ्याशीच त्यांना खालून काहीतरी वाजल्याचं ऐकू आलं. वाजत होता तो मामींचा चिवड्याचा डबा, पण ते कळेपर्यंत दुपार कलली होती. आम्ही चिखलदरा पाहिला नाही. मामांनी मोटारीचं पोट मात्र मनसोक्त पाहिलं आणि परतताना घरापर्यंत शीळ घातली.

अशा माणसाची कंबर धरली. डॉक्टरांनी मोटारीखाली सरपटण्याची कायमची बंदी केली. दुसऱ्याच्या हाताने दुरुस्ती करवून घेण्यापेक्षा मोटार विकलेली बरी, असं मामांनी जाहीर केलं आणि जेवणावरची वासनाच उडाल्यासारखे बसून राहिले. महिन्याभराने मला अमरावतीला तार आली : 'टेप घेऊन ताबडतोब ये.' मी तेव्हा बांधकाम खात्यात नकाशे उतरवून काढायचो. मिळेल ती बस धरून पोचलो, तर मामा दारात चक्क उभे! आख्खे मामा मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

"माणूस खाली जात नाही ना? मंग मोटार वर जाईन!" ते ओरडलेच.

कापसाच्या गाठी दाबायच्या कारखान्यातून मोडीत निघालेला, पंपाने तेल दाबलं की वर सरकणारा एक दट्ट्या त्यांनी हातपंपासकट आणला होता. "गाठ दाबते तो मोटार काहून नाही उचलणार?" असं म्हणत त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. रिकाम्या गोठ्यात दट्ट्या पुरायचा, छपराचे पत्रे तीन फूट वर घ्यायचे, मोटार वर गेली की आधाराला धारणीहून आणलेले सागाचे ठोकळे लावायचे. मामींची अट एकच : गोठ्याला लागून असलेला त्यांचा वाळवणाचा ओटा जागचा हलता कामा नये. मामांनी शब्द दिला.

मग तीन दिवस नुसती धमाल. जमिनीवर चुन्याच्या रेघा पडत, पुसल्या जात, पुन्हा पडत. मोटारीची चारी दारं उघडून आम्ही भोवती प्रदक्षिणा घालत होतो. चहूबाजूंनी माणसाला उभं राहायला किती जागा, यावर मी "दोन फूट" म्हणालो, तर मामा भडकले. "उपाशी माणसाचं माप घेऊन रायला काय तू?" त्यांनी मामींना खास वरण-रोडगे करायला लावले, भरपूर तूप घालून पाच रोडगे रिचवले आणि मग भिंतीला पाठ लावून म्हणाले, "आता मोज." अडीच फूट भरले. नकाशावर मी ती पट्टी काढली आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तीत लिहिलं : 'माझी जागा.'

उद्घाटनाला अर्धी गल्ली लोटली. मोटार दट्ट्यावर बरोबर बसली, दारं उघडली, पत्रे उंच होते. मामांनी पंपाचा लांबलचक दांडा बसवला आणि तो मारायला वळले. दांडा मारणाऱ्याने जिथे उभं राहायचं, नेमका तिथेच मामींचा ओटा! ओट्यावर चढून उभं राहावं, तर दांडा गुडघ्याखाली. पोटाचं माप घेण्याच्या नादात आम्ही दोघेही दांडा विसरलो होतो. पंप हलवायचा तर पुरलेला दट्ट्या उपटावा लागणार होता.

"ओटा पाडा ना," कुणीतरी सुचवलं.

"शब्द देला हाय," मामा म्हणाले आणि मटकन खाली बसले. "जाऊ द्या. विकून टाकतो मोटार."

मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात मामींनी पदर खोचला, ओट्यावरच्या कुरडया बाजूला सारल्या, तिथे मांडी घातली आणि दांडा धरला. "बसून हालवता येते का नाही, ते पायलं काय कोनं?"

मोटार बोटबोट वर चढू लागली. गल्लीने टाळ्या पिटल्या. मामा अडीच फुटांच्या पट्टीत उभे राहून लहान मुलासारखे हसत होते आणि डोळे पुसत होते.

त्यानंतर दर रविवारी हाच सोहळा. ओट्यावर मामी, मोटारीखाली ताठ उभे मामा, आणि दोघांच्या अखंड गप्पा. त्या दोघांना इतकं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मामा गेले, मागोमाग मोटारही गेली. वर्षभराने मी अमरावतीहून स्कूटरवर गेलो आणि रिकाम्या गोठ्यात भिंतीशी गाडी लावली. जमीन ताजी सारवलेली होती आणि चुन्याच्या रेघा नव्याने ओढलेल्या. मामी ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"बाबू, गाडी थोडी इकडं घे. तिथं ते उभे रायतात."

मी स्कूटर अडीच फूट सरकवली.